डाव्या हाताची काटकसर

शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर १९३३ च्या उन्हाळ्यात बेसबॉलचे दोन सामने झाले. पहिला ६ जुलैला. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची सर्वांत वरची व्यावसायिक पातळी; तिच्या निवडक खेळाडूंचा तो पहिलाच ऑल-स्टार सामना. तिच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगने तो ४-२ असा जिंकला. त्यांच्याकडून तिघांनी पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकायचं काम, केलं: लेफ्टी गोमेझ, जनरल क्राउडर आणि लेफ्टी ग्रोव्ह. सामना नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ डावांचा; प्रत्येकाच्या वाट्याला तीन, नऊचे सरळ तीन हिस्से. हौसेच्या सामन्यात कुणाचा हात दुखावला तर त्याच्या क्लबचा हंगाम वाया जाईल, ही काळजी त्या वाटणीत दिसते.

दुसरा सामना १० सप्टेंबरला, त्याच मैदानावर. हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा ईस्ट-वेस्ट सामना. मेजर लीगची दारं या मंडळींना बंद होती. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली याने पुढाकार घेतला, कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून वाचकांनी मतं पाठवून संघ निवडले आणि ढगाळ, पावसाळी दिवशी सुमारे २० हजार लोक मैदानात आले. वेस्टकडून माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, गेला विली फॉस्टर. वय २९, उंची ६ फूट १ इंच, डावखुरा. पहिल्या इनिंगला गेला तो नवव्या इनिंगचा शेवटचा गडी बाद करूनच परतला. वेस्टने ११-७ अशी बाजी मारली. हा सामना पुढे बरीच वर्षं भरत राहिला, पण सगळ्या नऊ इनिंग एकट्याने टाकणारा दुसरा पिचर त्यात झाला नाही.

सात रन म्हणजे फॉस्टरच्या मानाने काही फार उत्तम कामगिरी नव्हे. समोर कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, बिझ मॅकी, जड विल्सन अशी फळी होती, हे धरूनही नव्हे. तरी त्याची कारकीर्द समजून घ्यायला मला हाच सामना सोयीचा वाटतो, कारण मैदान एकच, उन्हाळा एकच, आणि एकीकडे तिघांत वाटलेलं काम दुसरीकडे एका हाताने केलेलं. हा हात एवढं कसं पेलायचा, याचं उत्तर ताकदीत नाही. ते काटकसरीत आहे.

मेजर लीगचा संघ तेव्हा २३ ते २५ जणांचा असे. कृष्णवर्णीयांच्या लीगमधले क्लब १४ ते १६ जणांवर भागवत. त्यातले पिचर पाच-सहा. ज्या दिवशी पिचिंग नसेल त्या दिवशी त्यांच्यातलाच कुणी आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, उभा राही. लीगचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारी, कारण प्रेक्षक तेव्हाच मोकळा. मधल्या दिवसांत गावोगाव जाऊन मिळेल त्या संघाशी खेळायचं आणि तिकिटाच्या पैशातला वाटा घ्यायचा. त्या वाट्याशिवाय पगार निघत नसे. म्हणजे ज्या हाताने रविवारी जेतेपदासाठी टाकायचं, त्याच हाताने बुधवारी एखाद्या गिरणीच्या संघापुढेही टाकायचं, कारण जाहिरातीवर त्याचं नाव छापलेलं असायचं आणि लोक त्याला बघायला आलेले असायचे.

क्रिकेटच्या डोळ्यांनी बघणाऱ्याला इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडचा गोलंदाज षटक टाकून सीमारेषेवर जातो, पाणी पितो, दुसऱ्या टोकाने कुणीतरी टाकत असतं. बेसबॉलमध्ये दुसरं टोक नाही. पिचर ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडता, कोपर मोकळं वाकवून चेंडू फेकतो. तीन बाद होईपर्यंत तोच फेकत राहतो. चेंडू पाच ते सव्वापाच औंस वजनाचा, घेर नऊ ते सव्वानऊ इंच; क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका आणि किंचित मोठा, पण शिवण सरळ पट्ट्यासारखी न जाता नालेच्या आकारात सगळ्या चेंडूभर फिरलेली. टप्पा नाही म्हणजे खेळपट्टीची मदत नाही. जी काही करामत करायची ती हवेत, आणि तीही बोटांनी.

विल्यम हेंड्रिक फॉस्टरचा जन्म १२ जून १९०४ चा, टेक्सासमधल्या कॅल्व्हर्टचा. आई लवकर गेली आणि आजोळी, मिसिसिपी राज्यातल्या रॉडनी या गावी तो वाढला. रॉडनी एकेकाळचं भरभराटीचं नदीबंदर. नदीने पात्र बदललं, रेल्वेनेही गाव टाळलं आणि बंदर कोरड्यावर पडलं. जवळच ॲल्कॉर्न कॉलेज, १८७१ चं, कृष्णवर्णीयांसाठी जमीन-अनुदानावर उभं राहिलेलं देशातलं पहिलं. विलीचं शिक्षण तिथलं.

वडील एकच पण आई वेगळी असा त्याचा एक थोरला भाऊ होता. विलीपेक्षा जवळजवळ २५ वर्षांनी मोठा. अँड्र्यू फॉस्टर, ज्याला सगळी दुनिया रूब म्हणायची. रूब स्वतः उजव्या हाताचा अव्वल पिचर, मग शिकागो अमेरिकन जायंट्सचा मालक आणि व्यवस्थापक, आणि १९२० च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीत बैठक भरवून नीग्रो नॅशनल लीग उभी करणारा माणूस. १९१८ मध्ये किशोरवयीन विली कत्तलखान्यांच्या आवारात काम करायला शिकागोला आला आणि भावाकडे खेळायची संधी मागायला गेला. रूबने नकार दिला. परत जा, शाळा पुरी कर. विलीने ते मनाला लावून घेतलं.

१९२३ साली तो मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळू लागला. थोडं नाव झालं तसं रूबने लीगच्या अध्यक्षपदाचं वजन वापरून मेम्फिसकडून त्याला शिकागोला खेचून घेतलं. ज्याने दार लावलं होतं त्यानेच आता दंडाला धरून आत ओढावं, हे विलीला रुचलं नाही. पुढली दोन-तीन वर्षं तो मेम्फिस, बर्मिंगहॅम, शिकागो असा फिरत राहिला. भावाचा सल्ला कानावर पडायचा, पण त्याच्याकडून ऐकायचं नाही असा हट्ट होता. दोन जवळच्या माणसांत शिकवणं आणि शिकणं किती अवघड असतं, हे कुठल्याही घराण्यातल्या शागिर्दाला विचारावं. तरी विलीच्या पिचिंगमध्ये रूब ठायीठायी दिसतो. रूबने १९०७ मध्येच पिचिंगवर एक छोटा लेख छापला होता. बेस (धावपटूने वाटेत गाठायचे तीन थांबे) भरलेले असताना, तीन बॉल (बॅटरच्या आवाक्याबाहेर टाकलेले चेंडू) आणि दोन स्ट्राइक (बॅटरने चुकवलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) झालेल्या असताना पिचरने घाबरू नये, उलट हसतमुख आणि बेफिकीर दिसावं, म्हणजे बॅटरच विचलित होतो, असं त्यात आहे. विलीच्या चेहऱ्याचं माहीत नाही, पण हाताचं वागणं तसंच होतं.

आता तो डावा हात.

इंग्रजीत डावखुऱ्या पिचरला साउथपॉ म्हणतात, दक्षिणेकडचा पंजा. बेसबॉलचं मैदान आखताना बॅटरच्या डोळ्यांत दुपारचं ऊन जाऊ नये म्हणून त्याचं तोंड साधारण पूर्वेला ठेवायचा संकेत आहे. मग पिचरचं तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला. शब्द नेमका इथूनच आला की नाही यावर वाद घालता येईल, चित्र मात्र बरोबर आहे.

डावखुऱ्याचा पहिला फायदा फेकण्याच्या आधीचा आहे. तो माउंडवर उभा राहतो तेव्हा त्याची छाती पहिल्या बेसकडे असते. तिथे उभा असलेला धावपटू त्याच्या नजरेसमोर असतो. उजव्या हाताच्या पिचरची त्या बेसकडे पाठ असते, त्याला मान वळवावी लागते. डावखुरा उजवा पाय उचलतो, गुडघा पोटापर्यंत येतो, आणि तरीही चेंडू होम प्लेटकडे, म्हणजे बॅटरकडे, जाणार की पहिल्या बेसकडे, हे धावपटूला कळत नाही. नियम एवढाच की उचललेलं पाऊल पिचिंगच्या रबरी पट्टीच्या मागच्या कडेपलीकडे गेलं तर मग पहिल्या बेसकडे फेकता येत नाही. फेकलं तर बॉक, म्हणजे धावपटूला एक बेस फुकट. त्या कडेच्या अलीकडे पाय किती वेळ तरंगत ठेवता येतो, यात डावखुऱ्याची सगळी हुशारी. धावपटू घाबरून एक-दोन पावलं बेसच्या जवळ राहतो. ती दोन पावलं म्हणजे दुसऱ्या बेसवर बाद होणं आणि वाचणं यातला फरक.

मेजर लीगमध्ये तेव्हा बेब रूथच्या होम रनचं, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्याचं, राज्य सुरू झालं होतं. कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलमध्ये मात्र, विशेषतः रूबच्या संघात, बंट, चोरलेला (फटक्याशिवायच धावून गाठलेला) बेस, धावत्या माणसाबरोबर टाकलेला फटका हे खेळाचं मुख्य अंग होतं. बंट म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू जागच्या जागी पाडायचा. अशा धावणाऱ्या बेसबॉलमध्ये पहिल्या बेसला बांधून ठेवणारा डावखुरा दुप्पट मोलाचा.

दुसरा फायदा दिशेचा. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा दिसतो आणि त्याच्यापासून दूर वळत जातो. चार्ल्स्टन, जड विल्सन, टर्की स्टर्न्स, बक लेनर्ड हे त्या काळचे मोठे फटकेबाज सगळे डाव्या हाताने खेळणारे होते. फॉस्टरकडे त्यांच्यासाठी खास साइडआर्म कर्व्ह होता: हात खांद्यावरून न आणता कमरेच्या वरून आडवा आणायचा. चेंडू पहिल्या बेसच्या बाजूने, बॅटरच्या खांद्यामागून निघाल्यासारखा भासतो, बॅटर नकळत मागे सरकतो आणि तोवर चेंडू प्लेटच्या पलीकडच्या कडेला गेलेला असतो. याचा धोका असा की हाच चेंडू उजव्या हाताच्या बॅटरला टाकला तर तो त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो. त्याच्याकडे वळत येणारा चेंडू, त्यात नीट वळला नाही तर मग तो कुंपणापलीकडेच.

म्हणून उजव्या बॅटरसाठी बाकीचा भाता. वेगवान फास्टबॉल. झटकन खाली पडणारा ड्रॉप. उशिरा आडवा सरकणारा स्लायडर. आणि चेंजअप, म्हणजे वेग कमी केलेला चेंडू. जाणकार फॉस्टरबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवतात: हे सगळे प्रकार तो एकाच हालचालीत टाकायचा. वाचायला हे सोपं वाटतं. बोटांपाशी जाऊन पाहिलं की ते किती कठीण आहे ते कळतं.

फास्टबॉलला पहिली दोन बोटं शिवणीच्या नालेवर आडवी, अंगठा खाली, चेंडू आणि तळवा यांच्यात पोकळी. चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटतो, मागच्या दिशेला फिरतो आणि म्हणून कमी पडतो. ड्रॉपला मधलं बोट शिवणीला लागून, सुटताना मनगट आत वळलेलं आणि बोटं चेंडूच्या पुढून खाली ओढलेली. चेंडू पुढच्या दिशेला फिरतो आणि प्लेटपाशी कोसळतो. बोटं क्षणभर आधी सुटली की फिरकी पुरी बसत नाही, चेंडू बॅटरच्या छातीच्या उंचीवर लोंबकळतो. थकलेल्या पिचरच्या हातून पहिल्यांदा बिघडतो तो हाच चेंडू, कारण दमलं की कोपर खाली येतं आणि कोपर खाली आलं की बोटं चेंडूच्या वर राहत नाहीत, बाजूला जातात. स्लायडरला पकड फास्टबॉलची, फक्त बोटं मध्यापासून बाहेरच्या कडेला सरकवलेली. मनगट वळवायचं नाही. वळवण्याचा मोह होतो, आणि तो मोह कोपराच्या आतल्या अस्थिबंधाला महागात पडतो.

चेंजअप मात्र सगळ्यात फसवा, आणि फॉस्टरचं खरं भांडवल तोच, असं माझं मत. चेंडू बोटांवरून काढून तळव्यात खोल बसवायचा, पकड सैल. आता हात फास्टबॉलइतक्याच जोराने फिरवला तरी जोर चेंडूपर्यंत पुरा पोहोचत नाही. समजा फास्टबॉल ताशी ९० मैलांचा आणि चेंजअप ८० चा. पहिला हातातून सुटल्यापासून साधारण ०.४२ सेकंदात प्लेटवर येतो, दुसरा ०.४७ मध्ये. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. पण ज्या क्षणी फास्टबॉल प्लेटवर असता, त्या क्षणी चेंजअप अजून सहा फूट मागे असतो. बॅट हवेतून जाऊन येते, चेंडू त्यानंतर पोहोचतो. उजव्या बॅटरला डावखुऱ्याचा हा चेंडू सुटताना थोडा बाहेरच्या बाजूला ओघळतो, म्हणजे वेळही चुकते आणि रेषाही.

यात चूक होते ती एकच आणि ती बहुतेकांकडून होते: वेग कमी करायचा म्हणून हातच हळू येतो. चांगला बॅटर खांद्याकडे बघत असतो. हात हळू आला की त्याला पत्र आल्यासारखं कळतं. हात पूर्ण वेगाने आणायचा आणि चेंडू मात्र हळू सोडायचा, ही शरीराला पटणारी गोष्ट नाही. ती पटवायला हजारो चेंडू लागतात. शिवाय ती पटली की आणखी एक फायदा पदरात पडतो. तळव्यातून सुटणाऱ्या चेंडूत बोटांचा, मनगटाचा झटका नाही, कोपराला पीळ नाही. विसावा घेतल्यासारखाच तो.

इथे काटकसरीचा हिशेब लागतो. बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करायचं तर किमान तीन चेंडू खर्च होतात, बहुधा पाच-सहा. त्याने पहिल्याच चेंडूवर जमिनीलगत अर्धवट फटका मारला आणि शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) उचलून पहिल्या बेसला दिला, तर एकात काम. इनिंगला १५ चेंडू लागले तर नऊ इनिंगचे १३५ होतात. ११ वर भागवलं तर ९९. फॉस्टर बेस मोकळे असताना बॅटरला फटका मारू द्यायचा, फक्त त्याला नको असलेल्या जागी. धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोहोचले की मग राखून ठेवलेला वेग बाहेर काढायचा. त्याची ख्याती अशी की प्रसंग जितका बाका तितका तो चांगला. मला यात धाडसापेक्षा साठवण दिसते. तिसऱ्या इनिंगमध्ये न खर्चलेला फास्टबॉल आठव्या इनिंगमध्ये शाबूत असतो.

या साठवणीची खरी कसोटी १९२६ च्या सप्टेंबरात लागली. लीगच्या जेतेपदासाठी शिकागो अमेरिकन जायंट्स आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स यांच्यात नऊ सामन्यांची मालिका चालू होती. जो पाच जिंकेल तो पुढे. मोनार्क्स ४-३ ने पुढे. शेवटच्या दिवशी लागोपाठ दोन सामने. मोनार्क्सना त्यातला एक पुरे होता, शिकागोला दोन्ही हवे होते.

पहिल्या सामन्यात फॉस्टरसमोर मोनार्क्सचा बुलेट रोगन. रोगन उजव्या हाताचा, अंगाने लहान, आणि त्या काळातल्या सगळ्यात परिपूर्ण खेळाडूंपैकी एक. पिचिंग करत नसेल तेव्हा संघातला पहिल्या प्रतीचा बॅटर. फॉस्टरने तो सामना १-० असा जिंकला. दुसऱ्या सामन्याला शिकागोकडून पुन्हा फॉस्टरच आला. रोगनही पुन्हा आला. पाच इनिंगच्या त्या सामन्यात फॉस्टर ५-० ने जिंकला.

चौदा इनिंग, एक दुपार, शून्य रन. आजच्या पिचरला १०० चेंडूंच्या आसपास थांबवतात आणि मग चार-पाच दिवस विश्रांती देतात. इनिंगला १२ चेंडू धरले, म्हणजे भरपूर कंजुषी धरली, तरी चौदा इनिंगचे १६८ होतात. मला त्या दिवसातला मधला अर्धा तास सर्वांत कठीण वाटतो. नऊ इनिंग टाकलेला हात थंड पडला की खांदा आखडतो, आणि आखडलेल्या खांद्याने पुन्हा पूर्ण वेग काढायला जाणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. हात गरम ठेवायचा पण दमवायचा नाही. चेंजअपवाला पिचर यातून निभावून जातो, नुसत्या वेगावर जगणारा नाही.

तिथून जागतिक मालिका. पूर्वेकडच्या लीगचा विजेता संघ अटलांटिक सिटीचा बॅखरॅक जायंट्स. मालिका अटलांटिक सिटी, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि शिकागो अशी चार शहरांत फिरली. ३ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये बॅखरॅकच्या क्लॉड ग्रिअरने शिकागोला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) न देता १०-० असं हरवलं. ग्रिअरही डावखुरा. (पुढच्या वर्षी याच दोन संघांच्या मालिकेत ल्यूथर फॅरेलनेही हिट न देता सामना काढला. तोही डावखुरा, तोही बॅखरॅकचा. डावखुऱ्यांचीच वर्षं ती.) अकरा सामने झाले, दोन बरोबरीत सुटले, उरलेल्यांत हिशेब ५-४ असा लागला. शेवटच्या सामन्यात नवव्या इनिंगपर्यंत दोन्हीकडे शून्य. जेली गार्डनरची हिट, बंटवर तो दुसऱ्या बेसवर, सँडी थॉम्पसनच्या फटक्यावर घरी. १-०. रूबच्या पठडीतला रन आणि फॉस्टरचं शून्य. त्या मालिकेत त्याने तीन सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकले आणि दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या रनची सरासरी १.२७ राहिली.

रूबच्या नशिबी हे पाहणं नव्हतं. त्याच वर्षी त्याचं मानसिक संतुलन ढळलं आणि त्याला इलिनॉयमधल्या कँककीच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. संघ डेव्ह मालार्चरने सांभाळला. रूब डिसेंबर १९३० मध्ये तिथेच गेला. विली ज्या वर्षी भावाला हवा तसा पिचर झाला, ते वर्ष भावाच्या हातून निसटलेलं होतं. याहून अधिक काही या बाबतीत लिहावंसं वाटत नाही.

१९३० मध्ये विलीने स्वतः जायंट्सचं व्यवस्थापन पाहिलं. १९३१ मध्ये तो होमस्टेड ग्रेज आणि मग मोनार्क्सकडे गेला. मंदी आलेली, लीग त्या वर्षाअखेर मोडली. मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन याने १९३० पासून तगून राहायचा एक मार्ग काढला होता: ट्रकवर लादून नेता येणारे दिवे. सुमारे ५० फूट उंच जाणारे दुमडते खांब, आणि मैदानाशेजारी धडधडणारा जनरेटर. दिवसा राबणारा माणूस संध्याकाळी सामन्याला येऊ लागला. मेजर लीगने रात्रीचा पहिला सामना खेळवला तो १९३५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

पिचरसाठी ते दिवे दुधारी होते. अंधूक उजेडात बॅटरला चेंडू उशिरा दिसतो, हा फायदा. पण बॅटरमागे बसलेला कॅचर दोन्ही पायांमध्ये बोटांनी ज्या खुणा करतो, त्याही पिचरला नीट दिसत नाहीत. कॅचरने फास्टबॉल मागितला आणि पिचरने ड्रॉप समजून टाकला, तर चेंडू कॅचरच्या बोटांवर आदळतो किंवा मागे निघून जातो आणि धावपटू बेसमागून बेस घेतात. दिव्यांच्या वर गेलेला उंच फटका आउटफिल्डरला दिसेनासा होतो, जनरेटरच्या आवाजात एकमेकांना दिलेली हाक ऐकू येत नाही. जो पिचर फटका जमिनीलगत ठेवू शकतो, त्याचंच अशा रात्री निभतं.

चेंडूचंही तसंच. १९२० मध्ये मेजर लीगमध्ये रे चॅपमनला डोक्यावर चेंडू लागून मृत्यू आला. तिथे त्यानंतर मळलेले चेंडू बदलायला लागले; थुंकी लावून टाकण्यावर बंदी त्याच वर्षी, त्याआधीच आली होती. कृष्णवर्णीयांच्या क्लबांना दर थोड्या वेळाने नवा चेंडू परवडत नसे आणि बंदीकडेही पंच फारसं लक्ष देत नसत. घासलेला, ओलसर, मातकट चेंडू मनमानी वळतो. क्रिकेटमध्ये जुन्या चेंडूची करामत पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. फॉस्टरने मात्र नाव कमावलं ते नियंत्रणावर, आणि तसला चेंडू हाती असताना नियंत्रण ठेवणं हेच कौशल्य मोठं.

आणि प्रवास. रूबच्या भरभराटीच्या दिवसांत अमेरिकन जायंट्स रेल्वेच्या खास डब्यातून फिरत. मंदीनंतर बस. हॉटेलं जागा देत नाहीत, खाणावळी दारातून परत पाठवतात, म्हणून बसमध्येच झोपायचं. रात्रभर खिडकीला टेकलेला खांदा सकाळी लाकडासारखा होतो. डावखुऱ्या पिचरने बसच्या कुठल्या बाजूला बसावं, ही सुद्धा विचार करण्याची गोष्ट असते. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आणि क्यूबा, कारण तिथे खेळ चालू असे आणि वर्षभर पोट भरायचं असे. हाताला ऋतूच नव्हता.

हे सगळं मोजायचं कसं? मेजर लीगच्या प्रत्येक सामन्याची वही होती. इथे लीगचे सामने मोजके, बाकीचे शेकडो गावोगावचे. शिकागो डिफेंडर आणि पिट्सबर्ग कुरिअर ही साप्ताहिकं निकाल छापत, पण निकाल कळवायचा क्लबांनी, आणि हरलेला क्लब बऱ्याचदा कळवत नसे. संशोधकांनी लहान गावांतल्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म चाळून एकेक सामना परत मिळवला. जॉन डोनाल्डसन या फॉस्टरच्या आधीच्या डावखुऱ्याने बाद केलेले ५ हजारांहून अधिक स्ट्राइकआउट असेच गोळा झाले. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात कृष्णवर्णीय लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदीत आले. योग्यच झालं. पण त्यात फक्त लीगचे सामने आहेत. बुधवारच्या गिरणीपुढचे चेंडू त्यात नाहीत, आणि हात झिजला तो त्या चेंडूंनीही.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात, रूबचा फलक १९८१ साली लागला, विलीचा १९९६ मध्ये. कृष्णवर्णीयांच्या लीगमधले डावखुरे पिचर तिथे दोनच आहेत, फॉस्टर आणि अँडी कूपर. डोनाल्डसन अजून बाहेर आहे आणि ते मला पटत नाही.

विली १९३६ मध्ये पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे होता, १९३७ मध्ये पुन्हा शिकागोला, आणि मग मेम्फिसला, जिथून सुरुवात झाली होती. मेजर लीगची बंद दारं उघडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तो १९४७ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा विली ४२ वर्षांचा होता आणि मैदान सोडून त्याला जवळजवळ दशक लोटलं होतं.

१९६० मध्ये तो ॲल्कॉर्नला परतला, विद्यार्थ्यांचा डीन आणि बेसबॉलचा प्रशिक्षक म्हणून. कोरड्या पडलेल्या रॉडनी बंदरापासून हे कॉलेज काही मैलांवर. जवळजवळ शेवटपर्यंत त्याने तिथे काम केलं आणि १६ सप्टेंबर १९७८ ला शेजारच्या लॉर्मनमध्ये तो गेला. परत जा, शाळा पुरी कर, असं थोरल्या भावाने १९१८ साली शिकागोत ज्या शाळेबद्दल सांगितलं होतं, ती हीच.